हे निवडीचे स्वातंत्र्य, की रिकाम्या जागांवरचे पांघरूण?

बारावीचे निकाल लागले की राज्यभरच्या महाविद्यालयांच्या खिडक्यांपुढे रांगा लागतात, आणि कलाशाखेच्या रांगेतल्या प्रत्येक पोराच्या हातात हल्ली एक कागद असतो. हा कागद आमच्या वाचकांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांखालून घालावा. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी! पहिल्याच वर्षी ही अक्षरांची पलटण पोराच्या अंगावर सोडलेली असते. तिचा अर्थ रांगेत उभ्या असलेल्या बापाला ठाऊक नसतो, तो सांगायला खिडकीआडच्या कारकुनाला सवड नसते, ज्यांनी तो सांगायचा ते प्राध्यापक आतल्या खोलीत दाखले तपासण्यात आणि सह्या ठोकण्यात बुडालेले असतात, आणि ज्या नेट कॅफेत हा अर्ज प्रत्यक्ष भरला जातो तिथल्या पोऱ्याला तर त्याच्याशी काही कर्तव्यच नसते. तो यादी उघडतो, वरून पहिला दिसेल तो विषय टिचकीसरशी दाबतो, छापील प्रत काढून देतो, पैसे घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतो. झाले एका मुलीच्या चार वर्षांचे नियोजन!

या कागदामागे केवढे पांडित्य उभे आहे म्हणता! 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, डिसेंबर 2022 चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा श्रेयांक (क्रेडिट) आराखडा, त्याबरहुकूम राज्य सरकारने 20 एप्रिल 2023 रोजी काढलेला शासननिर्णय, आणि त्याची शाई वाळते न वाळते तोच मार्च 2024 मध्ये आलेली त्याची सुधारित आवृत्ती. सत्राला 22 श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. एका वर्षाने बाहेर पडेल त्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पडेल त्याला पदविका. हा आराखडा मुळातच वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला थोडे संख्याशास्त्र यावे, मराठीच्या विद्यार्थिनीने भाषांतराचा हात बसवूनच बाहेर पडावे, अर्थशास्त्र शिकणाऱ्याने चार तास समाजशास्त्राच्या वर्गात काढावेत, याला जो विरोध करील तो करंटाच म्हणावा लागेल. आमचा आक्षेप आहे तो या आराखड्याच्या नावाने गावोगाव उभारलेल्या सोंगावर.

जुन्या पद्धतीत एफ.वाय.ला पोरगे थोडे बहकले तरी एस.वाय.ला स्पेशल विषय घेताना सावरत असे. नव्या रचनेत पहिल्या पायरीवरचा हिशेब शेवटच्या पायरीवर चुकता करावा लागतो. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. म्हणजे कॅफेवाल्या पोऱ्याने दाबलेला तो न झेपणारा, न आवडणारा दोन श्रेयांकांचा विषयसुद्धा तीन वर्षांनी त्या मुलीच्या वाटेत आडवा पडू शकतो. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी हाती आली तर एम.ए. न करताही अध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेला बसता येते, पीएच.डी.च्या दाराशी उभे राहता येते. चार वर्षे केली तर एम.ए. एका वर्षात उरकते, तीनवर थांबले तर दोन वर्षे लागतात. शाळेत शिकवायचे मनात असेल तर पदवीचा विषय शाळेत शिकवला जाणारा हवा, नाहीतर बी.एड.च्या वेळी कपाळावर हात मारून घ्यावा लागतो. हे सारे ठाऊक हवे ते तिसऱ्या वर्षी नव्हे, पहिल्या जूनमध्ये. आठही सत्रे एकदम पुढे मांडून, शेवटाकडून आरंभाकडे येत, विषय बांधायला हवेत. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला हे कोण सांगतो? माहितीपुस्तिका म्हणते, समुपदेशन कक्ष. त्या कक्षाला कुलूप असते.

बरे, तिने हे सारे स्वतः खणून काढले असे क्षणभर धरू. कलाशाखेतल्या हुशार मुली असे खणून काढतात, हे आम्ही जाणतो. समजा, तिला मराठी मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून हवे आहे आणि भूगोल मायनर, म्हणजे जोडविषय म्हणून. आपल्या तालुक्यात नदीच्या अलीकडे एक बोली आणि पलीकडे दुसरी का, असे काहीतरी तिच्या डोक्यात घोळते आहे. ती सूचनाफलकाशी जाते. फलकावर वेळापत्रक टाचलेले असते: दहा चाळीसला मराठी, दहा चाळीसलाच भूगोल. ती धीर करून विचारते, “सर, दोन्ही नाही का घेता येणार?” सरांचे उत्तर तोंडावर असते, “अगं, भूगोलाचं काय घेऊन बसलीस? राज्यशास्त्र घे की, तिकडे जागा आहेत. आणि साडेबाराची एसटीपण मिळेल तुला.” सर दुष्ट नाहीत, सर खरे तेच सांगत आहेत. दिल्लीहून निघालेले, मुंबईत शिक्कामोर्तब झालेले, विद्यापीठाने वाजतगाजत गावी आणलेले स्वातंत्र्य दहा चाळीसच्या तासाला मेले.

2015 मध्ये आयोगाने निवडाधिष्ठित श्रेयांक पद्धती आणली तेव्हा तिचे वर्णन करताना कॅफेटेरियाचा दाखला मोठ्या हौसेने दिला होता: ज्याला जे रुचेल ते त्याने आपल्या ताटात घ्यावे. आमच्या वाचकांनी कॅफेटेरिया सोडावा आणि तालुक्याची खानावळ आठवावी. भिंतीवरच्या फळीवर रंगवलेले पदार्थ अठ्ठावीस, मागाल ते “संपलं”, आणि शेवटी पानात पडते ती सकाळची वांग्याची भाजी. तरी खानावळवाला बरा. तो पैसे भाजीचेच घेतो, आणि ती भाजी तुम्ही स्वखुशीने निवडलीत असे तुमच्याकडून लिहून घेत नाही.

फळीवरचे पदार्थ आत का नसतात? कारण शिकवायला माणूस नाही. अनुदानित महाविद्यालयांतून निवृत्त होणाऱ्यांच्या खुर्च्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडतात. 2021 मध्ये सहायक प्राध्यापकांच्या 2088 जागा भरायला मान्यता दिली गेली, आणि त्या एका मान्यतेची घोषणा पुढे इतक्या वेळा, इतक्या व्यासपीठांवरून झाली, की ऐकणाऱ्याला दरवेळी नव्या जागा निघाल्याचा भास व्हावा. दरम्यान शिकवण्याचा गाडा ओढला तो तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांनी. सेट, नेट, पीएच.डी. पदरी असलेली ही माणसे तासाच्या हिशेबाने राबतात, सुट्टीत बिनपगारी बसतात, आणि दरवर्षी त्याच महाविद्यालयात, त्याच खुर्चीसाठी, नव्याने मुलाखत देतात. त्यांच्या नेमणुका होतात त्या प्रवेश उरकल्यावर, तास सुरू झाल्यावर, कधी गणपतीच्या तोंडावर. म्हणजे ज्या दिवशी मुलीने विषय निवडायचा त्या दिवशी तो शिकवणारा माणूस नेमलेलाच नसतो! आणि संशोधनासह ऑनर्स म्हणाल, तर त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक असावेत अशी आयोगाचीच अपेक्षा आहे. ज्या विभागात एक कायम खुर्ची आणि दोन तासिकावाले, तिथले चौथे वर्ष हे माहितीपुस्तिकेतच सुरू होते आणि माहितीपुस्तिकेतच संपते.

यावर सरकारचे उत्तर तयार आहे. अध्यापक नाही? मोबाइल आहे! ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झाले, आणि 2021 च्या नियमांप्रमाणे सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून करता येतात. स्वयम् वर काही उत्तम अध्यापकांची उत्तम व्याख्याने आहेत, ती कोणीही जरूर ऐकावीत. पण जव्हारच्या किंवा अहेरीच्या पाड्यावर रेंज धरण्यासाठी टेकडी चढणाऱ्या मुलाला, मराठीतून शिकून आलेल्या मुलाला, इंग्रजीतली चित्रफीत दाखवायची आणि याला पर्यायांची समृद्धी म्हणायचे, हा कसला निर्लज्जपणा? शिक्षकाची सोय पूरक साधनाने होत असती तर मंत्रालयातली सचिवांची पदेही चित्रफितींनी भरता आली असती.

हे सारे अडाणीपणाने घडते असे कोणी म्हणेल, तर ते आम्हाला मान्य नाही. यात प्रत्येकाचा हिशेब आहे, आणि तो चोख आहे. सरकारचा हिशेब पगाराचा: जागा भरल्या की वेतन आले, निवृत्तिवेतन आले, त्यापेक्षा शासननिर्णय स्वस्त पडतो. विद्यापीठांचा हिशेब मूल्यांकनाचा: किती विषयांची टोपली ठेवली याचा तक्ता भरून पाठवायचा असतो, टोपलीत काय आहे ते कोणी उघडून पाहत नाही. संस्थाचालकांचा हिशेब पटसंख्येचा: तुकडी टिकली पाहिजे, मग तीत बसणाऱ्याला काय हवे हे विचारतो कोण? आणि प्राध्यापक बंधू-भगिनींनो, तुम्हालाही आम्ही सोडणार नाही. तुमचा हिशेब कार्यभाराचा आहे. आठवड्याच्या सोळा तासांचे कोष्टक भरले नाही तर पद अतिरिक्त ठरेल ही भीती खरी आहे. पण त्या भीतीपोटी विभागाविभागांत जो घोडेबाजार चालतो तो विद्यार्थ्यांच्या पाठीवर चालतो. तुमचे दोन तास मला, माझे दोन तास तुम्हाला. भारतीय ज्ञानप्रणालीचा तास कोणाकडे? ज्याचे कोष्टक रिकामे त्याच्याकडे. त्या विषयात त्याने कधी काही वाचले आहे की नाही, हा प्रश्न विचारणे शिष्टाचाराला सोडून समजले जाते. जिथे केवळ कलाशाखाच आहे अशा महाविद्यालयात दुसऱ्या विद्याशाखेचा खुला ऐच्छिक विषय द्यायचा कोणी? मग राज्यशास्त्राचे अध्यापक रात्री वाचून सकाळी वित्तीय साक्षरता शिकवतात. मुलांना विषय मिळत नाहीत. विषयांना मुले पुरवली जातात.

निवडीचे मोल काय असते हे महाराष्ट्राला कोणत्याही आयोगाने शिकवण्याची गरज नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातल्या भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते त्याला नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, बी.ए.लाही मग इंग्रजी आणि फारसी हेच विषय राहिले. तोच विद्यार्थी 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला, आणि खरीखुरी निवड हाती येताच त्याने काय केले? अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, शिवाय मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, आणि वर प्राथमिक फ्रेंच व जर्मन! हा पसारा नव्हता. मध्ये एक विषय भक्कम, भोवती त्याला भिडणारे बाकीचे, आणि या साऱ्यांना ओढून धरणारा एक जळता प्रश्न. मे 1916 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्याने जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला, तेव्हा ते सारे विषय त्या एका निबंधात कामाला लागलेले होते. ते पदव्युत्तर शिक्षण होते, अमेरिकेतले होते, आणि तो विद्यार्थी लाखात एक होता, हे आम्हालाही कळते. पण मेजर म्हणजे काय, मायनर कशासाठी, मधल्या दोन-दोन श्रेयांकांच्या तुकड्यांचे करायचे काय, हे शिकवायला याहून चांगला नमुना दिल्लीच्या कोणत्या परिपत्रकात आहे ते आम्हाला कोणी दाखवावे.

तेव्हा विषय नाकारला तो शिक्षकाच्या सोवळ्याने. आज सोवळे नाही; आज नाकारते ते कोष्टक, नाकारते ती रिकामी खुर्ची, नाकारतो तो “किमान संख्या भरली नाही” असा शेरा. पण कोणाला नाकारले जाते ते पाहा. तालुक्याच्या कला महाविद्यालयात आज कोण शिकते? कोरडवाहू शेतकऱ्याची मुले, आश्रमशाळेतून आलेली मुले, वस्तीवरची मुले, आणि लग्न ठरेपर्यंत शिकू दिलेल्या मुली. ज्यांच्या तीन पिढ्यांनी महाविद्यालय बाहेरून पाहिले त्यांच्याच पोरांच्या माथी निवडीचे नाव घेऊन शिळेपाके मारले जाते, आणि हा योगायोग आहे असे मानण्याइतके आमचे वाचक भोळे नाहीत.

आता ढोंगाची परिसीमा पाहा. याच धोरणाच्या स्तुतीची भाषणे ठोकणाऱ्या मंत्र्यांची, सचिवांची, संस्थाचालकांची मुले कुठे शिकतात? वर्षाला लाखो रुपये मोजून, मोठ्या शहरातल्या खासगी विद्यापीठांत. तिथे प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात पोराला सल्लागार अध्यापक मिळतो, तो तासभर त्याच्याशी बोलतो, विषय न रुचल्यास तो बदलायला मुदत मिळते, आणि तत्त्वज्ञानासोबत संगणकशास्त्र घेता यावे म्हणून तिथले वेळापत्रक वाकवले जाते. म्हणजे निवड कशी द्यायची हे यांना पक्के ठाऊक आहे! ती फक्त स्वतःच्या पोरांसाठी राखून ठेवलेली आहे. जनतेच्या पोरांसाठी आहे तो नेट कॅफे.

आणि मधल्याच वर्षी बाहेर पडण्याची ती बहुचर्चित सोय! वडील आजारी पडले म्हणून, लग्न जमले म्हणून, एसटीचा पास परवडेना म्हणून पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलेल्या मुलीला पूर्वी निदान गळती म्हणत, आणि गळतीची लाज कोणाला तरी वाटत असे. आता तिला बहिर्गमन म्हणतात. प्रमाणपत्रही फुकट नाही. त्यासाठी आणखी चार श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. जी मुलगी घरच्या अडचणीने कॉलेज सोडते आहे तिने जाता जाता इंटर्नशिप करावी! ही तरतूद लिहिणाऱ्या महाभागाने आयुष्यात कधी एक तरी कॉलेज सुटलेली मुलगी पाहिली होती काय?

समाजालाही आम्ही दोन शब्द सुनावणार आहोत. सायन्सला नंबर लागला नाही, कॉमर्स झेपले नाही, मग आर्ट्स “करून ठेव”, असे ज्या घरात म्हटले जाते त्या घराने विषयांची निवड हा गंभीर प्रश्न आहे असे मानावे ही अपेक्षा कशी करायची? सरकारला ही बेफिकिरी सोयीची आहे. अभियांत्रिकीच्या एका फेरीत घोळ झाला तर पालक न्यायालयात जातात, वाहिन्या दिवसभर बोंब ठोकतात. कलाशाखेच्या हजारो मुलांना न मागितलेले विषय मिळाले तर कोणाची झोप मोडत नाही. इथे ओरडणारे कोणी नाही हे ओळखूनच इथे लुटले जाते.

म्हणून आमचा निवाडा ऐका. अध्यापक न नेमता विषय जाहीर करणे, दोन विषय एकाच तासाला लावून दोन्ही खुले आहेत असे छापणे, माहिती न देता निर्णय मागणे, आणि या साऱ्याच्या तळाशी अठरा वर्षांच्या मुलीची “मी हे विषय स्वेच्छेने निवडले आहेत” अशी सही घेणे, याला शैक्षणिक सुधारणा म्हणत नाहीत. बाजारात असे कोणी केले तर त्याला पोलीस ठाण्यात नेतात. ही फसवणूक आहे.

पुढल्या प्रवेशांपूर्वी राज्यातल्या प्रत्येक कला महाविद्यालयाने आपल्या दरवाजावर एक फलक लावावा. आठही सत्रांत कोणता विषय, कोणत्या तासाला, कोण शिकवणार, ती नेमणूक कायम की तासिकेची, आणि कोणता विषय घेतल्याने पुढचे कोणते दार उघडते व कोणते बंद होते, हे त्यावर मराठीत, बापालाही वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. जिथे अध्यापक नाही तिथला रकाना कोरा ठेवावा. कोणाचे तरी नाव घालून सजवू नये. प्रवेशाच्या महिन्यात प्राध्यापकांना दाखले तपासण्याच्या कामातून सोडवून विद्यार्थ्यांसमोर बसवावे, आणि पहिल्या वर्षी विषय बदलायला निदान महिनाभराची मुदत द्यावी. असा फलक लावायला ज्या संस्थाचालकाचा हात कचरेल त्याने प्रवेश देणे बंद करावे. आणि त्या फलकावरचे कोरे रकाने भरण्याची ज्या सरकारची तयारी नाही त्याने आपल्या पुढल्या शासननिर्णयातून विद्यार्थ्यांची आवड, विद्यार्थ्यांची निवड हे शब्द आधी खोडावेत आणि मगच त्यावर सही करावी.